पुसलेला हात

"कान! कान वर आले पाहिजेत त्याचे," ताई कॅमेऱ्यामागून ओरडली, तसा खोडरबरनं ओठांचा चंबू करून उंदरासारखा चीं-चीं आवाज काढला. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. साहेब म्हणजे बारा वर्षांचा, तपकिरी, झुबकेदार केसांचा कुत्रा. घरभर मांडलेल्या खोक्यांच्या मधोमध तो उभा होता आणि त्याला फक्त दाराबाहेर जायचं होतं.

खोडरबर पंधरा वर्षांची, ताई तिची सतरा वर्षांची आतेबहीण. लोकांच्या कुत्र्या-मांजरांचे फोटो काढून दोघी चार पैसे मिळवत. जनावर काही एका जागी ठरत नाही. म्हणून मालकानं त्याला धरून ठेवायचं आणि नंतर लॅपटॉपवर मालकाचा हात पुसून टाकायचा, अशी त्यांची पद्धत होती. पुसायचं काम धाकटीचं, त्यावरून ताईनं तिला हे नाव पाडलं. आजवर तिनं चाळीसेक हात पुसले होते आणि एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नव्हता, याचा तिला भारी तोरा होता.

"आजी, तुम्ही धरता का जरा?" ताईनं साहेबाच्या मालकिणीला विचारलं.

"मी कशाला? बारा वर्षं डोकं उठवलंय माझं या मेल्यानं," आजी म्हणाल्या, पण म्हणता म्हणता स्टूल ओढून बसल्यासुद्धा. त्यांचा हात पाठीवर पडला मात्र, साहेब निवांत झाला आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याला सगळा भार देऊन टेकला. ताईनं पटापट फोटो घेतले.

आजींचा मुलगा खिडकीशी उभा राहून फोनवर जाहिरात लिहीत होता. परवा आजी कायमच्या त्याच्याकडे राहायला जाणार होत्या. कुत्रा कुणालातरी देऊन टाक, हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं, एकदा नाही, तीनदा.

"'प्रेमळ आणि शांत. चांगल्या घरी द्यायचा आहे.' ठीक आहे ना, आई?"

"शांत कसला डोंबलाचा! लिही काहीही. नेणारा आला म्हणजे झालं. सुटले बाई एकदाची," असं म्हणून आजी चहा टाकायला आत गेल्या.

खोडरबर एका खोक्यावर लॅपटॉप ठेवून कामाला लागली. तिला वाईट वाटत होतं. या वयात हा म्हातारा कुणाच्या दारात जाऊन पडणार, असं सारखं मनात येत होतं. पण गिऱ्हाइकाच्या घरगुती गोष्टीत नाक खुपसायचं नाही, असं ताईनं बजावून ठेवलेलं. तिनं मुकाट्यानं हात पुसला आणि फोटो खिडकीशी उभ्या असलेल्या काकांपुढे धरला.

"छान आलाय," काका म्हणाले. मग वाकून पाहू लागले. "हे पाठीवर काय आहे? काही लागलंय का त्याला? नेणारा विचारणार."

खोडरबरनं स्क्रीन आपल्याकडे वळवली. हात गेला होता, पण केसांत चार खोल चरे तसेच राहिले होते, शेजारची कातडीही एका बाजूला ओढलेली दिसत होती. एरवी लोक नुसता तळवा टेकवून धरत. पुसला की खाली काही उरत नसे. त्याच सवयीनं तिनं इथंही पुसलं होतं.

"सॉरी काका, बोटांचं राहिलं. दोन मिनिटांत काढते."

"बोटांचं? आधीचा फोटो बघू."

तिनं मूळ फोटो उघडला. आजींचा चेहरा चौकटीबाहेर होता, हात तेवढा आत. तो पाठीवर नुसता टेकवलेला नव्हता. केस मुठीत घट्ट धरले होते, इतके की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

काकांनी स्क्रीनवरच्या त्या मुठीवर बोट टेकवलं.

"मला म्हणाली, नुसती कटकट आहे," ते हळूच म्हणाले.

"सगळं स्वच्छ करून देतो आम्ही," ताई घाईघाईनं म्हणाली. "अर्ध्या तासात."

"नको, राहू दे."

त्यांनी फोनवर लिहिलेलं एकेक अक्षर खोडून टाकलं, फोन खिशात ठेवला आणि घसा खाकरून स्वयंपाकघराकडे तोंड केलं.

"आई, साहेबाची चटई कुठल्या खोक्यात टाकलीस?"

आतली भांड्यांची खडखड थांबली.

"ती कशाला हवी? टाकून द्यायला काढलीय."

"टाकू नकोस. सामानात घे. माझ्या घरी काय ते मी बोलतो."

चहा उतू गेल्याचा वास आला. साहेब उठला आणि फरशीवर नखं वाजवत आत गेला.

"केस फार गळतात हं त्याचे," शेवटी आजींचा आवाज आला. करडा काढायला गेल्या, पण तो मध्येच चिरकला. "आधीच सांगून ठेवते. नंतर मला बोलायचं नाही."