फोटोतला पाहुणा

"केस तुमचाच आहे," भिंगकाका म्हणाले.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचे केस कानाच्या वर कापलेले होते. टेबलावरच्या फोटोत, आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात जो केस दिसत होता तोही आखूडच होता. त्यामुळे पुरावा तसा काकांच्या बाजूने होता.

"मी कामावर टोपी घालते, काका."

"फिल्म भरताना घालता?"

बाई गप्प बसल्या. दिवसभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणाऱ्या माणसावर स्वतः तोंड मिटायची वेळ क्वचित येते. काकांनी ती वेळ जरा चवीने घेतली.

कॅमेरा त्यांच्याकडे दुसऱ्यांदा आला होता आणि ही गोष्ट लहान नव्हती. रस्त्याकडच्या या खोलीत गेली छत्तीस वर्षं एक पाटी लटकत होती: 'येथे दुरुस्त केलेला कॅमेरा परत येत नाही.' ती वाचून काही गिऱ्हाइकं कॅमेरा न देताच निघून गेली होती, पण काका वाक्य बदलायला तयार नव्हते. त्यांच्या मते खोट वाक्यात नव्हती, वाचणाऱ्यात होती. कपाळावर रबराने बांधलेलं भिंग ते झोपतानाही काढत नाहीत असं शेजारी म्हणत. हे खोटं होतं. झोपताना ते उशाशी असे.

पहिल्या खेपेला बाई आल्या तेव्हा त्यांचा राग लॅबवर होता. सगळ्या फोटोंत एकाच जागी एकच काळी रेघ, म्हणजे फोटो धुणाऱ्याने घाण केली, असं त्यांचं निदान होतं. काकांनी त्यांना धडा दिला होता.

"पांढरं कुसळ दिसलं तर लॅबवाल्याला धरा. धूळ निगेटिव्हवर बसली. काळं दिसलं तर कॅमेऱ्याला धरा. फोटो काढतानाच फिल्मच्या पुढे काहीतरी आडवं आलंय, तेवढ्या जागी उजेड पोचलाच नाही. समजलं?"

"म्हणजे कीड आत आहे."

"तुमच्या भाषेत तसं."

मग त्यांनी मागचं झाकण उघडलं, फिल्मपुढच्या चौकटीच्या कडेला चिकटलेलं एक बारीक कुसळ चिमट्याने उचललं, रबरी फुग्याने आत चार फुंकरा मारल्या आणि जाता जाता झाकणाच्या खाचेवर बोट फिरवलं. उजेड आत शिरू नये म्हणून त्या खाचेत एक काळी पट्टी बसवलेली असते. ती मूळची नव्हती, कोणीतरी नंतर बसवलेली होती.

"हे बघा काम," काका म्हणाले होते. "कोपऱ्यात कसं वळवलंय. हल्ली असा हात राहिला नाही. तुमच्या वडिलांनी कुठल्या तरी जाणत्या माणसाकडून करून घेतलंय."

आणि आता तोच कॅमेरा परत. नव्या रोलचे पहिले दहा फोटो स्वच्छ होते. अकराव्यापासून कुसळ पुन्हा हजर, फक्त जागा बदलून.

काकांनी पुन्हा फुगा घेतला. या वेळी आठ फुंकरा मारल्या.

बाई गेल्यावर आतून सून आली. तिच्या तोंडात दोन टाचण्या होत्या. सून शिवणकाम करायची, स्वयंपाकघरातल्या जेवायच्या टेबलावर. तिन्ही वेळा ताटं मांडायच्या आधी कुणाचा तरी ब्लाउज उचलून ठेवावा लागे. मुलगा बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा आणि दोन्ही वेळा म्हणायचा, "बाबा, ती पुढची खोली..." वाक्य तो पुरं करत नसे. भिंगातून बघणारे वडील मान वर करत नसत, त्यामुळे पुरं करायची गरजही पडत नसे.

"परत आला का हो तो कॅमेरा?" सुनेने टाचण्या काढून विचारलं.

"त्या बाईंचे केस गळतात."

"बाबा, राग मानू नका. डोळ्यांचं एकदा बघून घेऊ या."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ते ओरडणारे नव्हते. त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं आणि शांतपणे सांगितलं, "हा कॅमेरा तिसऱ्यांदा याच दुखण्यासाठी माझ्याकडे आला, तर खोली तुझी. मशीन आणून खिडकीत लाव."

"मी काय मागितली का खोली?"

"तू नाही मागितलीस. मी बोललो."

असल्या पैजेत दुसऱ्या पक्षाला फारसं काही करावं लागत नाही. सून टाचण्या पुन्हा तोंडात धरून आत गेली.

बाई तीन आठवड्यांनी आल्या. कॅमेऱ्याबरोबर एक बिस्किटांचा जुना डबा होता. नव्या रोलवर चौथ्या फोटोपासून कुसळं. आता एक नव्हतं. तीन होती, आणि एक तर बाईंच्या आईच्या बरोब्बर नाकाखाली आलं होतं, मिशीसारखं.

"काका, माझा केस नाहीये हा," बाई म्हणाल्या आणि डबा उघडला. आत त्यांच्या वडिलांनी काढलेले फोटो होते. शाळेच्या फाटकाशी एक आठ वर्षांची मुलगी उभी होती, दोन वेण्या, वरच्या दातांत फट. तिच्या डोक्यावरच्या आकाशात तेच कुसळ. दुसऱ्या फोटोत समुद्र होता, समुद्रावर कुसळ. तिसऱ्यात शेजाऱ्यांची नवी मोटार, काचेवर कुसळ.

"आम्ही याला पाहुणा म्हणायचो. फोटो धुऊन आले की बाबा आधी विचारायचे, पाहुणा कुठे बसलाय बघा. मी आणि दादा शोधायचो. ज्याला आधी दिसेल त्याला गोळी. त्याच्यामुळेच तर माझे दात किडले."

"मग आता कशाला घालवताय?"

"आईसाठी. ती अठ्ठ्याहत्तरची झाली. तिला हा पाहुणा कधी आवडला नाही. म्हणते, जन्मभर याचं करत आले, आता एक फोटो असा काढ ज्यात तू आणि मी, तिसरं कोणी नको."

काका एकेक फोटो भिंगाखाली सरकवत होते. डब्याच्या तळाशी एक पाकीट वेगळं होतं, त्यातले फोटो आणखी जुने. त्यांत बाई रांगत होत्या. त्यांत कुसळ नव्हतं. एकाही फोटोत नव्हतं.

"म्हणजे मधेच कधीतरी आला," काका म्हणाले. "जन्मतः नव्हता."

"अक्कलदाढेसारखा."

काका हसले नाहीत. त्यांनी नव्या रोलचं शेवटचं निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवलं आणि आत हाक मारली, "जरा बाहेर येतेस का? मशीन कुठे ठेवायचं ते बघून घे."

सून आली, बाईंकडे बघून कसंनुसं हसली आणि सासऱ्यांच्या खांद्यावरून पेटीत वाकून बघू लागली. तिथे कुसळ स्वच्छ दिसत होतं.

"केस नाहीये हा," ती म्हणाली.

"मग काय आहे?"

"केस असा पिळदार नसतो, बाबा. आणि याच्या कडेला लव बघा किती सुटलीये. ही लोकर आहे."

छत्तीस वर्षं भिंगातून बघणाऱ्या माणसाला जे दिसलं नव्हतं, ते जेवायच्या टेबलावर शिवणाऱ्या बाईला नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं. काकांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. या वेळी त्यांनी चौकटीकडे बघितलंच नाही. सुईचं टोक त्यांनी खाचेतल्या त्या पट्टीवर टेकवलं, ज्या कामाचं त्यांनी कौतुक केलं होतं. काम चांगलं दिसत होतं, म्हणून दोन्ही खेपा त्यांनी तिथे सुई लावली नव्हती. पट्टी भुशासारखी भुगा होऊन खाली पडली. खालचा डिंक कधीच वाळून गेला होता. काका जितक्या जोराने फुंकर मारत होते तितकी लोकर उडून आत बसत होती.

त्यांनी कॅमेरा उलटा केला आणि तळाचे तीन स्क्रू काढले.

"तिथे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"दुरुस्ती करणारा आतून खूण ठेवतो. सुईने. पुढच्याला कळावं, आधी कोण येऊन गेलं ते."

तळाच्या पत्र्यावर एक बारीक वर्तुळ कोरलेलं होतं, मधे एक ठिपका, खाली साल. भिंगाचं चित्र. हे वर्तुळ काढणारा माणूस जगात एकच होता आणि तो खुर्चीवर बसला होता.

"आमच्या बाबांनी तुमच्याकडे दिला होता?"

"स्टेशनजवळच्या दुकानदाराकडे दिला असेल. तो गठ्ठ्याने कॅमेरे पाठवायचा. कॅमेरे आठवतात मला, पण ते शेकड्यांनी असायचे..." काका थांबले. मग त्यांनी सरळच सांगितलं, "केस तुमचा नाही, डॉक्टरीणबाई. आमच्याच घरचा आहे."

बाईंची नजर नकळत काकांच्या डोक्याकडे गेली. तिथे भिंगाचा रबर होता, दुसरं काही नव्हतं.

"आपलेच दात, आपलेच ओठ," काका म्हणाले. "तुम्हाला तर माहीतच आहे."

ते साल काकांना चांगलं आठवत होतं. खाचेत बसवायचा स्पंज बाहेरून यायचा, तो यायचा बंद झाला. काकांनी मखमल लावून बघितली, झाकण लागेना. सुती दोरा लावला, उजेड शिरला. तीन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. चौथ्या दिवशी काकूंनी अंगातल्या काळ्या स्वेटरच्या मनगटाची गाठ सोडली आणि धागा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "ही लावून बघा," म्हणाल्या. "मनगट काय, पदराखालीसुद्धा गरम राहतं."

लोकर खाचेत अशी बसली की जणू त्यासाठीच मेंढीने वाढवली होती. हिवाळा सरेपर्यंत काकूंची उजवी बाही कोपरापर्यंत चढली होती. कुणी विचारलं तर त्या गंभीरपणे सांगत, "आमच्याकडे कॅमेऱ्यांना थंडी वाजते."

स्वतः काकूंनी मात्र कधी फोटो काढून घेतला नाही. कॅमेरा दिसला की त्या आत जात. ज्या घरात एका वेळी पन्नास कॅमेरे असत, तिथे ही काही सोपी गोष्ट नव्हती. त्यांचा एकच फोटो निघाला होता, कुठल्याशा अर्जासाठी. त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते. अर्ज नामंजूर झाला. काकूंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या गेल्या तेव्हा भिंतीवर लावायला तोच एक होता. काकांनी तो लावला नाही.

"अशी लोकर किती कॅमेऱ्यांना लावली होती?" सुनेने हळूच विचारलं. सासूबाई तिला दोनच वर्षं लाभल्या होत्या.

काकांनी मनाशी हिशेब केला. "दीड बाही," ते म्हणाले.

बाईंनी शाळेच्या फाटकाचा फोटो डब्यातून परत बाहेर काढला आणि जवळ धरून बघितला.

"राहू दे का, काका?" त्या म्हणाल्या. "मी आईला सांगते, होत नाही म्हणून."

"का होत नाही?" काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुम्ही अर्धवट कीड काढून पाठवता का पेशंटला? आईंना दोघींचाच फोटो हवाय ना? मग दोघींचाच निघेल. शनिवारी या."

त्यांनी सगळी खाच सुईने उकरली. कोपरे खरवडले, स्पिरिटने पुसले, नवा स्पंज कापून बसवला. एरवी तासाभराचं काम, त्यांना दोन दिवस लागले. निघालेली लोकर चिमटीत मावेल एवढी होती. ती त्यांनी फिल्मच्या एका रिकाम्या डबीत घातली आणि स्क्रूंच्या डब्यांच्या रांगेत ठेवली. बाकी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या होत्या.

शनिवारी बाई कॅमेरा घेऊन गेल्या. मग स्टुलावर चढून काकांनी पाटी काढली.

"अहो बाबा, कशाला?" सून धावत आली. "आता नाही ना यायचा परत."

"तीनदा आला," काका म्हणाले. "स्टूल धर."

मशीन रविवारी आलं. सुनेने ते आतल्या भिंतीशी लावायला सांगितलं होतं. काकांनी ते ओढत खिडकीशी नेलं आणि स्वतःचं टेबल आतल्या भिंतीशी सरकवलं. शिवणाऱ्याला उजेड लागतो, आपलं आयुष्य उजेड अडवण्यात गेलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पहिले काही दिवस दोघं एकमेकांची परवानगी काढून खोकत.

महिन्याभराने बाई आल्या. त्या दारातच थबकल्या, कारण पाटीच्या जागी आता नुसता एक उजळ चौकोन होता आणि खाली कुणाचातरी परकर इस्त्रीच्या घडीत पडला होता. मग त्यांनी पर्समधून पाकीट काढलं.

"अख्खा रोल, काका. छत्तीसच्या छत्तीस."

पहिल्या फोटोत बाकावर आई बसली होती, शेजारी बाई. मागे भिंत, वर आकाश. आईने ओठ घट्ट मिटले होते. कवळीच्या मापासाठी मुलीने दोनदा खेटे घालायला लावल्याची तक्रार त्या चेहऱ्यावर होती, पण एकूण समाधान होतं.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"म्हणाली, गेला एकदाचा. जेवूनखाऊन गेला."

सुनेचं मशीन थांबलं.

काकांनी कपाळावरचं भिंग डोळ्यावर घेतलं. पहिल्या फोटोच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. आकाश बघितलं, भिंत बघितली, बाकाखालचं गवत बघितलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि पर्स मांडीवर ठेवून त्या खुर्चीत बसल्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. छत्तिसाव्या फोटोपर्यंत पोचायला काकांना बराच वेळ लागला.

"सापडलं काही?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "एकदम स्वच्छ."

आणि गठ्ठा उलटा करून त्यांनी पहिला फोटो पुन्हा भिंगाखाली घेतला.