तेरड्याचे शेंडे

तेरडा कुणी मुद्दाम लावतं का? अहो, ती काय लावायची गोष्ट! पावसाळा लागला की शेताच्या बांधावर तो आपला आपण उगवायचा, भादव्यात गुलाबी व्हायचा आणि गौरीच्या दिवशी बायका जाऊन त्याला मुळासकट उपटून आणायच्या. त्याचीच गौर. जुडी बांधायची, वर मुखवटा चढवायचा, साडी नेसवायची, झालं. पनवेलच्या आसपासच्या आगरी घरांत हे असंच चालत आलेलं. वर्षातले बाकीचे दिवस तेरड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

मग शेतं गेली. भराव पडला, भरावावर रस्ते आले, रस्त्यांच्या कडेला इमारती आल्या. बांधच राहिला नाही तर तेरडा कुठून येणार? गावातल्या बाकीच्या बायका मुकाट्याने पनवेलच्या बाजारातून विकतची जुडी आणू लागल्या. कृष्णाबाईच्या घरात मात्र ते चालायचं नाही. गौर आपल्याच मातीतली पाहिजे, हा तिच्या सासूपासूनचा नेम. तो सांभाळायचं काम अर्थातच मोठ्या सुनेच्या गळ्यात पडलं. मालूने भराव पडायच्या आधी बांधावरच्या शेंगा पदरात गोळा करून आणल्या होत्या. घरामागच्या परसात, मोरीचं पाणी जातं त्या कडेला, ती दरवर्षी तेरडा पेरायला लागली.

मालूला मूल नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गावातही तिच्याबद्दल पहिलं तेच सांगितलं जायचं. हळदीला गेली की तिच्या हातातली वाटी कुणीतरी गोड बोलून काढून घ्यायचं. ओटी भरायची वेळ आली की तिला नेमकं आत चहा बघायला पाठवायचं. नवरा, कमळाकर, माणूस भला. पण असल्या गोष्टी त्याच्या गावीही नसायच्या. वर्षाचे तीनच दिवस असे होते की गावातल्या बायका आपण होऊन मालूच्या उंबऱ्यात यायच्या, ‘मालू, गौर काय झालीय गं!’ म्हणायच्या आणि तिच्या हातून हळदकुंकू लावून घ्यायच्या. त्या तीन दिवसांवर ती बाई उरलेलं वर्ष काढायची. गंमत नाही करत, खरंच काढायची.

आणि तीच गौर आता धाकट्या जावेला हवी होती.

धाकटा दीर शैलेश कामोठ्याला राहायचा, सातव्या मजल्यावर. त्याची बायको रंजिता, मुलं प्रितेश आणि समृद्धी. रंजिता तशी वाईट नव्हती हो, पण तिला सगळंच हवं असायचं, आणि मागितलं की मिळतं हे तिला लहानपणापासून माहीत. ‘आई, गौर आमच्याकडे आणूया ना. मुलांना कल्चर कळायला नको? आणि तुम्हीही कायमच्याच या. लिफ्ट आहे, सगळं आहे,’ असं तिचं दोन वर्षं चाललं होतं. कृष्णाबाई म्हणायची, ‘मी कोण ठरवनारी? गौर जिच्या हातची फुलंल तिच्या घरी ऱ्हाईल.’ हे ऐकून मालूच्या जिवात जीव यायचा. सातव्या मजल्यावर कुठला आलाय तेरडा!

पण मागल्या गौरीला रंजिता मुखवट्याकडे बघून म्हणाली, “ताई, तुमची गौर डाएटवर आहे का हो?”

बायका फिदीफिदी हसल्या. कृष्णाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. हसण्यासारखंच होतं म्हणा. सावलीतला तेरडा तो, सरळसोट काठीसारखा वाढलेला. साडी अंगावर राहत नव्हती, सारखी खाली यायची. मालूही हसली आणि ते हसणं तिच्या छातीत वर्षभर तसंच अडकून राहिलं. यंदा गौर अशी भरगच्च करायची, की बघणारीने तोंडात बोट घातलं पाहिजे.

मालूचं माहेर शिरढोणचं. बाप दसऱ्यासाठी झेंडू लावायचा. झेंडू वीतभर झाला की आई पोरींना ओळीने बसवायची आणि नखाने शेंडे खुडायला लावायची. “खुडा गो, दया करू नका,” म्हणायची. एक शेंडा गेला की खालून चार फुटतात, रोप ताटासारखं पसरतं आणि दसऱ्याला फुलांनी वाकतं. ही विद्या मालूच्या बोटांत होती. ती तिने यंदा तेरड्यावर चालवली. बिचारीला सांगणार कोण? तेरडा आजवर तिच्याखेरीज कुणी लावलेलाच नव्हता, तर त्याला कसं वाढवायचं हे ठरलेलं कुठून असणार!

आषाढात पहिल्यांदा खुडले. आठवडाभरात बाजूने फांद्या फुटल्या. मालू हरखली. पुन्हा खुडले. आता रोपांची झुडपं झाली, गुडघ्याएवढी, गुबगुबीत. ती सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी परसात जायची. मूल नसलेल्या बाईने झाडाला गोंजारलं की लोक लगेच मान हलवतात, म्हणून ती कुणी बघत नाही ना ते आधी पाहायची आणि मग पानांवरून हात फिरवायची. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला तिने तिसऱ्यांदा शेंडे खुडले. पानांच्या बेचक्यांत बारीक कळ्या धरल्या होत्या, त्याही शेंड्यांबरोबर गेल्या. जाऊ देत, तिला वाटलं, एकीच्या जागी चार येतील.

गणपती आले. कळी नाही. गौर दोन दिवसांवर आली. पाला नुसता माजलेला, हिरवागार, आणि फूल म्हणाल तर औषधाला नाही. मालूने देवाला दिवे लावले, रोपांना कोमट पाणी घातलं, एकटीच त्यांच्याशी भांडली. “फुला रे, एवढं तरी करा माझ्यासाठी,” म्हणाली. झाडं काय ऐकतात! त्यांचे हात-पाय तोडले होते, त्यांना सावरायला वेळ तर हवा.

गौर आणायच्या दिवशी तिने तशीच जुडी उपटली, सुपात ठेवली आणि कुंकवाच्या पावलांवरून घरात आली. दारात बायका थांबल्या होत्या. नेहमी एकच गलका उठायचा, यंदा बायका सुपात वाकवाकून बघू लागल्या. शेजारची सोनाबाई तेवढी म्हणाली, “सगला पालाच की गो. फूल नाय एक पन?” आणि मागून कुणीतरी, हळू पण ऐकू जाईल एवढं हळू, म्हणालं, “हिच्या हातची अशीच यायची.”

मालूने सूप खाली ठेवलं नाही. तसंच छातीशी धरून उभी राहिली.

तेवढ्यात रंजिता गाडीतून उतरली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी. पनवेलच्या बाजारात कर्नाळ्याच्या डोंगराकडून विकायला आलेल्या एका बाईकडून घेतलेला रानचा तेरडा. काटकुळा, एकेका काठीचा, पण वरपासून खालपर्यंत गुलाबी. “म्हटलं असू दे जास्तीचा,” रंजिता म्हणाली.

“आये, विकतचा नाय चालत आपल्यात,” मालू म्हणाली. “आपल्या मातीतलाच पायजे ना?”

कृष्णाबाईने एकदा दोन्ही जुड्यांकडे पाहिलं. “माती आता हाय कुठं?” ती म्हणाली. “गौरीनं कौल दिला, बाई. आन तो मुखवटा इकडं.”

मुखवटा रंजिताच्या जुडीवर चढला. पुढल्या वर्षापासून गौर कामोठ्याला, हेही तिथल्या तिथे ठरलं. मालूची हिरवी जुडी मोरीजवळ पडून राहिली. संध्याकाळी तिने तीच विळ्याने तोडून बकरीला घातली. दुसऱ्या दिवशी गौरीचा तिखटाचा नैवेद्य होता, मटण आणि वडे. ते मालूनेच रांधलं. चव नेहमीसारखीच होती, सगळ्यांनी दोनदोनदा वाढून घेतलं.

गौर-गणपतींचं विसर्जन झालं. कृष्णाबाईही शैलेशबरोबर निघाली, कायमची. तिची लुगडी पिशवीत भरताना मालूला राहवलं नाही. ती सासूच्या पायाशी बसली आणि ढसाढसा रडली. “आये, माझी चूक झाली. मीच शेंडे खुडले. दाट व्हावी म्हनून खुडले. म्हनून गौर रुसली माझ्यावर.”

कृष्णाबाई पानाला चुना लावत होती. “गौर कशाला रुसते? शेंडा गेला की तेरडा मागं पडतो. बांधावर बकरी तोंड लावून गेली तर तो तेरडा गौरीला फुलत नसे. शेंबड्या पोरीला ठावं असायचं आमच्या वेळंला.”

मालूने मान वर केली. “मंग मी खुडत व्हते तवा बोलला का नाय? बघितलं नाय तुमी?”

“बघितलं ना. तीनी वेळंला बघितलं खिडकीतून.”

“मंग?”

“मंग काय? सांगितलं असतं तर फुलली असती.” म्हातारीने पान तोंडात घातलं. तिच्या आवाजात राग नव्हता की लाज नव्हती. “मला नातवंडांत जायचंय, मालू. वय झालं. तुला आन कमळाकरला सोडून जाते म्हनले असते तर गाव मला नावं ठेवता. गौरीच्या मागनं गेले तर कोन बोलनार?”

एकोणीस वर्षं मालूने या बाईचं पथ्यपाणी केलं होतं. गुडघ्यांना तेल चोळलं होतं. आजवर तिला सासूची भीती वाटली होती, दया आली होती, कधीमधी मायासुद्धा. राग आज पहिल्यांदा आला, आणि तो इतका आला की तिचे डोळे सटकन कोरडे झाले.

“तुमाला जायचं व्हतं तर जायचं, आये. मी पिशवी भरून दिली असती. माझी गौर कशाला नासवलीत?”

“आता उगाच मनाला लावून घेऊ नको,” कृष्णाबाई उठत म्हणाली. “तुजा हात चांगला हाय. रंजिताकडं परस नाय, तर पुढच्या वर्षी तेरडा तूच लाव. शैलेश येऊन घेऊन जाईल. आपल्या मातीतला असला की बरं असतं. आन तेवढे शेंडे खुडू नको.”

“नाय लावनार,” मालू म्हणाली.

“काय?”

“नाय लावनार म्हनले.”

सासूला नाही म्हणायची तिची ही पहिली वेळ. तिला वाटलं होतं, म्हातारी चिडेल, हात उगारेल, निदान दोन शिव्या तरी देईल. कृष्णाबाईने पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसली.

आता ती कामोठ्याला असते. संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर म्हाताऱ्या जमतात, त्यांना ती मोठ्या सुनेचं सांगते. मन लहान हाय तिचं, म्हणते. धाकटीची पोरंबाळं बघवत नायत. देवाच्या नावानं चार रोपं मागितली, ती पन नाय दिली. म्हाताऱ्या चुकचुकतात. मूल नसलेल्या बाईबद्दलचं आहे, त्यामुळे त्यांना ते लगेच पटतं.