घरचं गिऱ्हाईक

तक्रारीची चिठ्ठी कीबोर्डला टेकवून ठेवत डॉक्टरने बायकोच्या संगणकाचं बटण दाबलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. पडदा उजळायला चार मिनिटं लागली. एरवी हेच यंत्र अर्ध्या मिनिटात जागं व्हायचं.

तो काही खरा डॉक्टर नव्हता. गल्लीच्या तोंडाशी त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मेलेली यंत्रं उठवून बसवतो म्हणून लोकांनीच त्याला हे नाव चिकटवलं होतं. त्याला ते आवडायचं, नाही असं नाही. रविवारीसुद्धा कोणी दार वाजवलं की हा पायात चपला सरकवून निघालाच. घरात मात्र स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता, आणि बायकोचा संगणक मंगळवारपासून मरगळला होता.

बायको घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. लाल पेन घेऊन चुका हेरायच्या, नको असलेल्या शब्दावर रेघ मारायची, समासात गाळायची खूण करायची, हे तिचं वीस वर्षांचं काम. एक पान उघडेपर्यंत चहा गाळून होतो, असं तिने मंगळवारी सांगितलं, बुधवारी पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा तो "बघतो" म्हणाला. काल शनिवारी ती सरळ दुकानात गेली. रांगेत उभी राहिली, काउंटरवरच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी घेऊन भरली आणि त्याच्यापुढे ठेवली. डॉक्टरांच्या घरचा पेशंटही नंबर लावून येतो का, असं मागून कोणीतरी म्हणालं, तेव्हा सगळ्यांबरोबर तोही हसला. ती हसली नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं.

चिठ्ठीवर त्याचे नेहमीचे तीन प्रश्न छापलेले होते. त्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय तो यंत्राला हात लावत नसे.

काय होतंय? सगळं फार सावकाश.
कधीपासून? मंगळवारपासून जास्तच.
त्याआधी काय बदललं? काहीच नाही.

हे तिसरं उत्तर त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. शंभरातली नव्वद गिऱ्हाइकं हेच लिहितात आणि धडधडीत खोटं लिहितात. काहीतरी नवीन आत घेतलेलं असतं, नको तिथे बोट लावलेलं असतं, आणि वर साळसूदपणाचा आव. त्याने हाक मारून विचारलंही, की मंगळवारी काय उद्योग केलास. बाहेरच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

तो कामाला लागला. डबा उघडून धूळ झटकली, पंखा फिरतोय ना ते कान देऊन ऐकलं, आत काय काय चालू आहे त्याची यादी पडद्यावर काढली. यादीत सगळ्यात वर एक प्रोग्राम ठाण मांडून बसला होता. यंत्रातली एकेक फाईल उचलून तो बाहेर कुठेतरी पाठवत होता. पाच दिवस, न थांबता.

"सापडला लेकाचा," तो पुटपुटला.

त्याला बरं वाटलं. चोरी होती ही. कोणीतरी आत शिरून घर धुऊन नेत होतं, आणि असे चोर त्याने ढिगाने पकडले होते. आता तिला बोलवून दाखवायचं आणि पुढे वर्षभर ऐकवायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं. त्याआधी माल चाललाय कुठे ते बघावं म्हणून त्याने पत्ता उघडला. तिथे तिने फोल्डरला नाव दिलं होतं: ताईकडची खोली.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. एकटी राहायची, घरातली मागची खोली रिकामी होती. दोन महिन्यांत बायको तिथे तीनदा राहून आली होती. तिसऱ्या वेळी चार दिवस होती, आणि दुकानात कोणी विचारलं तर याने "घरीच आहे की" असं सांगितलं होतं.

फायलींची नावं एकामागून एक सरकत होती. वर्षावर्षाची मुद्रितं. तिची प्रमाणपत्रं. मग मुलीचे फोटो: शाळेचा पहिला दिवस, नाटकातली राणी, प्लास्टरमधला हात, पदवीचा झगा. त्याने एकेक उघडून बघितला. एकातही तो नव्हता. त्याला सणकून राग आला. निवडून निवडून वगळलंय हिने आपल्याला. मागे काय ठेवलंय ते बघायला त्याने मूळचा फोल्डर उघडला. मागे काहीच ठेवलेलं नव्हतं, सगळेच फोटो चालले होते. वगळायला तो त्यांत होताच कुठे? तेव्हा तो कोणाचं तरी यंत्र उठवून बसवत होता.

ती दारात येऊन उभी राहिली होती. चष्मा कपाळावर, हातात लाल पेन.

"मला वाटलं, चोर आहे," तो म्हणाला.

"किती राहिलंय?"

त्याने पडद्याकडे बघितलं.

"दीड तास. हे थांबवलं तर यंत्र लगेच पळायला लागेल. थांबवू?"

"नको. होऊ दे पुरं."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं. खूपदा सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही बघतो म्हणालात."

हातांना काहीतरी काम हवं होतं. त्याने चिठ्ठी पुढे ओढली. तिसऱ्या उत्तराशी त्याची नजर अडखळली. गिऱ्हाईक खरं बोललं होतं; घरातला नळसुद्धा अजून गळतच होता. खाली शेरा लिहायची जागा होती. तिथे त्याने लिहिलं, 'बिघाड आढळला नाही.' त्याखाली गिऱ्हाइकाच्या सहीची रेघ होती, म्हणून सवयीने त्याने चिठ्ठी तिच्यापुढे केली.

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि कुठलंही मुद्रित वाचते तसा तो शेरा अक्षर न् अक्षर वाचला. 'नाही'वर लाल रेघ मारली, समासात गाळायची खूण केली, पूर्णविराम ओढून 'आढळला'च्या पुढे आणला. मग खाली सही केली.