किती दाती?

"हे जनावर किती दाती?" शाळेच्या भिंतीवरच्या नव्या चित्राकडे बोट करून तात्याबानं विचारलं.

कळस गावचा हा म्हातारा दात पडलेली बोखी मेंढी विकायला निमगावच्या बाजाराला निघाला होता. ऊन फार म्हणून वाटेत शाळेच्या ओट्यावर टेकला. जन्म मेंढरांमागं गेलेला. कुठलंही जनावर दिसलं की आधी दात बघून त्याचं वय ठरवायचं, ही त्याची खोड.

गुरुजींना हसू आलं. "अहो, हा डायनासोर. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा. एसटीपेक्षा लांब, निव्वळ मांसावर जगणारा. दात वीतभर. लचका तोडायचा आणि न चावताच गिळायचा."

"आन् हात ह्ये एवढुसं? तोंडापत्तुर बी पोचायचं न्हाईत!"

"हातांचं काम जबडाच करायचा. शेपटीनं तोल सांभाळायचा."

"दात पडल्यावर काय खात हुतं मग?"

"पडला की नवा यायचा. पार मरेपर्यंत."

तात्याबा चक्रावला. "मग म्हातारं झालं ह्ये कळायचं कसं?"

"ते काही मला सांगता यायचं नाही बुवा," गुरुजी म्हणाले.

बाजाराची वाट धरली तरी डोक्यातला गोंधळ जाईना. सकाळीच लेक, गेणू, म्हणाला होता, "आबा, औंदा कोकणात तुमी येऊ नगा. घाट झेपायचा न्हाय." दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, हेच तर तात्याबाचं आयुष्य. फार राग आला होता त्याला. आपल्याला काय धाड भरलीय? पण रिकाम्या हिरड्यांवरून जीभ फिरली आणि रागसुद्धा धड टिकेना. आजवर किती मेंढ्यांची तोंडं उघडून आपणच त्यांचा निकाल लावला! तेव्हा कधी काही वाटलं नव्हतं. आज का वाटावं, तेही समजेना.

बाजारात खाटकानं मेंढीच्या जबड्याला हात घातला. तात्याबानं तो बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. इकायची न्हाय."

दिवेलागणीला मेंढी परत आलेली बघून गेणू वैतागला. "आवो, दात न्हाईत तिला. चरंल कशी?"

"कवळा पाला कुटून घालीन."

"आन् कोकणात कोण कुटत बसणार?"

"ती न्हाय येत कोकणात." तात्याबा खाली बसला, दगड जवळ ओढला. "म्या बी न्हाय येत."

तात्याबा पाला कुटत राहिला. मेंढी त्याच्या ओंजळीतून सावकाश खात होती.