दुसऱ्या पत्नीचा पत्ता

गल्लीत तिला सगळे 'फौजदार' म्हणत. तोंडावर काकू, पाठ वळली की फौजदार. हे नाव मुळात तिच्या नवऱ्यानंच ठेवलेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दूधवाल्याचं माप ती उजेडात धरून बघायची. भाजीवालीला तराजू आधी रिकामा उचलून दाखवावा लागे. 'कोण? कुठून आलात? कुणी पाठवलं?' एवढं झाल्याशिवाय तिच्या दाराची साखळी निघत नसे. जगात जिथे तिथे पाणी मुरतंय, याबद्दल तिची खात्रीच होती.

या संशयातून सुटलेला माणूस एकच, तिचा नवरा. सरकारी दवाखान्यात त्याची सगळी नोकरी लिफ्टवर गेली. निवृत्त झाल्यावरही लिफ्ट अडकली की त्यालाच बोलावणं यायचं, आणि हा बाबा अर्ध्या जेवणावरून हात धुऊन निघायचा. ती भांडी आपटायची, दोन-दोन दिवस बोलायची नाही. पण लिफ्ट खरंच अडकलीय का, हे मात्र तिनं कधी विचारलं नाही. तसलं काही तिच्या मनातच आलं नाही.

मग एका दुपारी तो झोपला तो उठलाच नाही.

आता मागे राहिली ती, खोलीचं भाडं आणि नवऱ्याची पेन्शन. नवरा गेल्यावर ती बायकोला मिळते, पण आपोआप नाही. पेन्शन कचेरी होती तिसऱ्या मजल्यावर. तिथे लिफ्ट होती, तरी गुडघे धरत, कठड्याला लोंबकळत ती जिन्यानंच चढली. लिफ्ट या वस्तूशी तिचं जन्माचं वाकडं होतं. पहिल्या खेपेला कपाळावर चष्मा चढवलेल्या एका कारकुनानं तिचा जबाब घेतला. तो विचारत गेला, ती सांगत गेली. मध्ये रडली, मध्ये चिडली. त्या दिवशी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. काय विचारलं आणि आपण काय बोललो, घरी आल्यावर तिला नीटसं आठवेना.

महिना उलटला तरी पैसे जमा झाले नाहीत, म्हणून ती पुन्हा गेली. चष्मेवाला रजेवर होता. त्याच्या खिडकीत एक बाई बसली होती. तिनं संगणकात बघितलं, पान आणखी खाली सरकवून बघितलं आणि आवाज हलका केला.

"तुमचा अर्ज थांबवलाय, काकू. दुसऱ्या पत्नीची चौकशी बाकी आहे."

"कुणाच्या दुसऱ्या पत्नीची?"

"तुमच्या मिस्टरांच्या."

"नीट बघा. दुसऱ्या कुणाचा कागद असेल."

बाईनं नीट बघितलं. कागद तिचाच होता. दुसरी पत्नी असल्याची माहिती मिळाली आहे, नाव-पत्ता उपलब्ध नाही, एवढंच तिथे होतं.

"ही माहिती दिली कुणी?"

"ते इथे दिसत नाही. तुम्हाला त्यांचा पत्ता ठाऊक असेल तर आणून द्या, म्हणजे लवकर निकाल लागेल. दोघींना निम्मी-निम्मी होते."

निम्म्या पेन्शनीत खोलीचं भाडं भागत नव्हतं. म्हणजे खोली सोडायची आणि नणंदेच्या दारात पिशवी घेऊन उभं राहायचं. पण जिना उतरताना ते भाड्याचं गणित तिच्या डोक्यात टिकेचना. एकच शब्द पायरीपायरीला तिच्यापुढे चालत होता. दुसरी.

संशय तिच्या घरातलाच होता. आजवर तो दूधवाल्याकडे, भाजीवालीकडे भुंकत होता, आता मालकावरच उलटला. घरी येऊन तिनं नवऱ्याचं कपाट उपसलं. सदऱ्याच्या खिशातून बडीशेपेची पुडी निघाली. बडीशेप कशाला लागते माणसाला? तोंडाला वास येऊ नये म्हणून. कुणाला येऊ नये म्हणून? निवृत्त झाल्यावरही तो बाहेर पडताना भांग पाडायचा. लिफ्टला दाखवायला भांग पाडतं का कुणी? अर्ध्या जेवणावरून उठून जायचा, तो परत आल्यावर उरलेलं खायचा नाही. म्हणजे तिकडे जेवायचा! कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं तिला आता सगळं लग्नच पिवळं दिसायला लागलं. 'लिफ्ट अडकलीय.' किती सोपं! मी फौजदार, आणि माझ्याच घरात चोर.

भिंतीवरचा त्याचा फोटो मंद हसत होता. तो तसाच हसायचा, काही विचारलं की. तिनं फोटो काढला, कपाटात चादरींच्या खाली पालथा घातला आणि किल्ली फिरवली.

मग माहिती कुणी दिली असेल, याचा तपास सुरू झाला. पहिला संशय नणंदेवर. नणंद दुसऱ्याच दिवशी आली, तीही न बोलावता, म्हणजे संशय आणखी पक्का.

"वन्सं, खरं सांगा. पेन्शन कचेरीत तुम्ही गेला होतात?"

"मी कशाला जाऊ? वहिनी, झालं काय?"

सगळं ऐकल्यावर नणंदेनं आधी 'दादा तसा नव्हता गं' म्हणून डोळे पुसले. ते पुसून होताच ती जरा पुढे सरकली.

"पण एक सांगू? पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी दादाच्याच दवाखान्यात होते ना, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मला दादाचा आवाज आला. 'चल गं बाई,' म्हणत होता. 'उगाच रुसू नकोस. उशीर होतोय.' अगदी लाडीगोडीनं. मला वाटलं, असेल कुणी नर्सबिर्स."

"आणि तुम्ही मला हे आज सांगताय?"

"तुझा संसार मोडायला सांगू? मी तेव्हाच कानाला खडा लावला."

कानाला लावलेला खडा आता काढून तिनं वहिनीच्या डोळ्यात घातला, आणि चहा घेऊन निघून गेली. माहेरच्या माणसाबद्दल बहीण असं खोटं कशाला बोलेल? फौजदारला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. माणूस गेल्याचं दुःख तिला कसंबसं उचलता येत होतं, पण तो आपला नव्हताच की काय, हा विचार तिला झेपेना. कुणाशी भांडणार? तो कपाटात पालथा पडला होता.

सकाळी ती दवाखान्यात गेली. आयुष्यात तिथे गेली होती दोन-तीनदा, तीही बाहेरच्या फाटकापर्यंत. चौकशीच्या खिडकीशी तिनं विचारलं, इथे सगळ्यात जुनी नर्स कोण? खिडकीतल्या माणसानं न बघताच वर बोट दाखवलं. "चौथा मजला. जिना धुताहेत, लिफ्टनं जा."

लिफ्ट जुनी होती, जाळीच्या सरकत्या दाराची. आत स्टुलावर टक्कल पडलेला एक लिफ्टमन बसला होता. म्हणजे नवऱ्याच्या जागेवर आलेला माणूस. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना पाठीशी घालतात हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती आत शिरली आणि दार लागताच तिनं उलटतपासणी सुरू केली. आता हा पळणार कुठे?

"तुमच्या आधी इथे होते त्यांना ओळखत होतात?"

"म्हणजे काय! काकांच्या हाताखालीच शिकलो. नुकतेच गेले ना बिचारे."

"मी त्यांची बायको."

लिफ्टमन स्टुलावरून उठून उभा राहिला. तिच्याकडे निरखून बघत त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही फौजदार!"

तिला भयंकर राग आला. इथपर्यंत आपल्या नावानं हसतात? "हसू नका. मी चौकशीला आले आहे. ह्यांची इथे कुणीतरी होती. त्या बाईचं नाव आणि पत्ता मला पाहिजे."

"काकांची? बाई?"

"ताकास तूर लागू देणार नाही तुम्ही, ठाऊक आहे मला. पण माझ्या नणंदेनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय. चल गं बाई, रुसू नकोस, असं तिला—"

तेवढ्यात लिफ्टनं एक आचका दिला आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. जाळीतून समोर नुसती भिंत. तिनं गपकन कठडा धरला.

"झालं," लिफ्टमन म्हणाला. "नाव घेतलंत आणि रुसली."

"कोण रुसली?"

"अहो, जिचा पत्ता शोधताय तिच्याच पोटात उभ्या आहात तुम्ही."

तो पुढे झाला. बटणांच्या पत्र्यावर त्यानं पंजा ठेवला, जनावराच्या मानेवर ठेवावा तसा, आणि दुसऱ्या हातानं जाळीचं दार किंचित उचलून धरलं. "ह्या दाराची खुंटी झिजलीय. दार असं उचलून धरलं, की टेकते आणि लिफ्ट चालू होते. काकांनी शिकवलं. पण ते म्हणायचे, नुसतं उचलून भागत नाही, गोड बोलावं लागतं." आणि मग अगदी तिच्या नवऱ्याच्या चालीवर, शब्द ओढत, तो म्हणाला, "चल गं बाई, उगाच रुसू नकोस. उशीर होतोय. घरी फौजदार वाट बघतायत."

लिफ्ट हलली.

"रोज हेच म्हणायचे," लिफ्टमन म्हणाला. "वॉर्डातल्या पेशंटांना पाठ झालं होतं. आणि आम्हाला सांगायचे, बायको हिला सवत म्हणते माझी. काय हसायचे! खरंच म्हणायचात ना तुम्ही?"

ती म्हणायची. रोज म्हणायची. जेवता जेवता तो उठला की, 'जा, सवतीनं बोलावलंय.' उशिरा आला की, 'सोडलं का सवतीनं?' मीठ मागावं इतक्या सवयीचा तो शब्द झाला होता. आणि मग तिला कपाळावरचा चष्मा आठवला, त्याचा सपाट आवाज आठवला. 'मयताच्या पश्चात आणखी कुणी हक्कदार?' आणि त्यावर चिडून, रडत, आपणच बोललेलं अख्खं वाक्य आठवलं.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं. ती उतरली नाही. तिला लाज वाटली, इतकी की त्या स्टुलावर मटकन बसावं लागलं. मेल्यावर तरी माणसाला फौजदाराच्या तावडीतून सुटका असावी! आणि तिनं तर नवरा जिवंत असताना कधी घेतला नाही तो संशय, त्याला उत्तर देता येईना तेव्हा घेतला.

"काकू, जुनी नर्स पाहिजे होती ना?"

"नको. खाली घ्या."

पेन्शन कचेरीत चष्मेवाला रजेवरून परत आला होता. त्यानं तिला लगेच ओळखलं.

"आणलात का दुसऱ्या पत्नीचा पत्ता?"

"आणला. सरकारी दवाखाना. तळमजला ते चौथा मजला."

"म्हणजे नर्स?"

"लिफ्ट."

त्याचा चष्मा कपाळावरून घसरून नाकावर आला. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचा चेहरा काही सैल होईना. त्याच्या नोकरीत अशा पुष्कळ गोष्टी सांगणारे येत असणार. पहिल्यांदाच तिला दुसऱ्याच्या संशयाच्या खिडकीसमोर उभं राहावं लागत होतं, आणि ती जागा मुळीच चांगली नव्हती.

"बाई, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं. आणखी कुणी हक्कदार? तुम्ही म्हणालात, 'आहे ना, माझी सवत. अख्खी नोकरी तिच्यापाशी काढली.' मी विचारलं, नक्की? तर म्हणालात, 'अख्ख्या दवाखान्याला ठाऊक आहे.' मग मी काय समजायचं? आमच्याकडे सवत असा शब्द चालत नाही, म्हणून दुसरी पत्नी लिहिलं."

"तिथेच घोटाळा झाला. सवत म्हटलं की माणूस हसतो. दुसरी पत्नी म्हटलं की मरतो."

शेजारच्या खिडकीतली बाई खुदकन हसली. चष्मेवाल्यानं दवाखान्यात फोन लावला. पलीकडे त्याला बराच वेळ कुणीतरी काहीतरी सांगत राहिलं. एक-दोनदा तो 'हो का' म्हणाला, आणि शेवटी त्यालाही हसू लपवता आलं नाही. फोन ठेवून त्यानं तिच्यापुढे कोरा कागद सरकवला.

"लिहून द्या. मयतास दुसरी पत्नी नव्हती, आधीचं विधान रागाच्या भरात केलं होतं."

"रागाच्या भरात नाही. सवयीनं."

"बरं, सवयीनं लिहा. पण जपून बोलत जा, काकू. जिभेला हाड नसतं."

तिनं लिहिलं. 'दुसरी पत्नी नव्हती' या शब्दांशी तिचा हात थांबला. तीन दिवस ज्या प्रश्नानं तिला जाळलं त्याचं उत्तर तिला स्वतःच्याच अक्षरात सही करून द्यायचं होतं. तिनं ते हळूहळू, एकेक अक्षर नीट काढून लिहिलं. चष्मेवाल्यानं कागद वाचला, शिक्का मारला आणि सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून पूर्ण पेन्शन सुरू होईल, मागची थकलेलीही मिळेल.

बाहेर आल्यावर ती सवयीनं जिन्याकडे वळली, आणि पहिल्या पायरीपाशी थांबली. मग मागे फिरून कचेरीच्या लिफ्टमध्ये शिरली. आत दुसरं कुणी नव्हतं. दार लागलं, तिनं बटण दाबलं. लिफ्ट ढिम्म. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म.

तिनं इकडेतिकडे बघितलं. मग बटणांच्या पत्र्यावर पंजा ठेवला.

"चल गं बाई," ती म्हणाली. "उगाच रुसू नकोस. घरी हे वाट बघतायत. मी त्यांना कपाटात कोंडून आलेय."