दिवाळीच्या आसपास

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी अकोल्याहून अमरावतीला, गाडीच्या शोरूममध्ये भांडायला गेलो होतो. भांडण आईचं होतं, मी सोबत. पावसाळ्यात तिने एक छोटी पांढरी कार बुक केली होती. अकोल्यात नंबर लांब लागत होता म्हणून अमरावतीत. जानेवारी उजाडला तरी कारचा पत्ता नव्हता.

मूर्तिजापूरपर्यंत मी माझी गाडी चालवली. तिथे चहा झाल्यावर आईने किल्लीसाठी हात पुढे केला. तेल्हारा तालुक्यात लसींचा डबा खांद्याला लावून एसटीने आणि पायी फिरण्यात तिची नर्सची नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर ती गाडी शिकली. आता त्याच गावांत स्वतःच्या गाडीने जायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

मी शेजारी बसून उजवा हात हँडब्रेकवर ठेवला.

"हात काढ वं तिथून. मी काय बैलबंडी हाकून राहिली?"

"समोर ट्रक आहे, आई."

"दिसून राहिला मले. त्यालेही मी दिसून राहिली असन."

शोरूमच्या आवारात दोन गाड्यांमध्ये जेमतेम जागा होती. आईने आरसा पाहिला, मान वळवली आणि रिव्हर्समध्ये एका दमात गाडी आत घातली. इंजिन बंद करून तिने माझ्याकडे पाहिलं.

"चल, उशीर होतोय," मी म्हटलं.

आत कोणाची तरी नवी गाडी निघत होती. चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. आमचं बुकिंग घेणारा स्वप्निल लगबगीने पुढे आला.

"एवढी रसाची लिंबं चिरडता कावून, बाबू?" आई म्हणाली. "माझ्या गाडीच्या वक्ताले पिशवीत दे. सरबत करीन."

"देतो काकू. पुढच्या महिन्यात नक्की."

आईने पावती काढली. बुकिंगच्या दिवशी त्याने त्यावर 'दिवाळीच्या आसपास' लिहिलं होतं. "औषधाच्या बाटलीवर असं लिहितेत काय? तारीख टाक," म्हणून तिने ते खोडायला लावलं होतं. खाली नोव्हेंबरमधली तारीख होती, तिच्यावर शिक्का.

"सांग आता, ही तारीख गेली का यायची आहे?"

स्वप्निलने पैसे परत घ्यायचा फॉर्म पुढे सरकवला.

"मले पैसे वापस नाही पाहिजेत," आई म्हणाली. "माझा नंबर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर ती झोपेतच गेलेली होती.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, आणि शोरूममधून फोन आला. बुकिंग रद्द धरू, पैसे परत करू. गाडी हवीच असेल तर नव्या भावाने नवा नंबर लावा. घरात दुसरं वाचवत नव्हतं, म्हणून त्या आठवड्यात मी ग्राहक कायदा वाचून काढला. त्यातली कोरडी वाक्यं बरी वाटली. मग अमरावतीला गेले.

"बुकिंग मनकर्णाबाईंच्या नावावर आहे," मॅनेजर म्हणाले. "त्या आता..."

"गेल्या. ग्राहक गेला की तक्रारीचा हक्क वारसाकडे येतो. मी त्यांची एकुलती एक मुलगी."

"तक्रार म्हटलं तर मॅडम, तुम्हाला इथे अमरावतीला चकरा पडतील."

"मी राहते तिथल्या ग्राहक आयोगातही करता येते. चकरा तुमच्या वकिलाला पडतील. रस्ता चांगला आहे."

त्यांनी पाणी मागवलं. "व्याजासकट पैसे घ्या ना."

"पैसे मागायचे की गाडी, ते मी ठरवीन. तुम्ही तारीख लिहून दिली आणि पाळली नाही. आईच्या मागून बुकिंग केलेल्यांना गाड्या मिळाल्या का, तेही आयोग विचारेल."

मॅनेजरांनी स्वप्निलकडे पाहिलं.

"मिळाल्या, साहेब," तो हळूच म्हणाला. "अन् ती तारीख मीच टाकली. काकूंनी टाकायला लावली."

मॅनेजरांनी पावती परत माझ्या हातात दिली. "बरं. नंबर तोच, भाव बुकिंगचा. उशिराबद्दल मॅट फुकट देऊ."

"मॅट नको. नुकसानभरपाई द्या."

"आईवर गेलात," स्वप्निल म्हणाला आणि जीभ चावली. मॅनेजर हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच मीही हसले. भरपाईचा आकडा ठरला, मी सगळं लिहून घेतलं. तारखेसकट.

त्या तारखेला गाडी आवारात उभी होती. चाकांखाली लिंबं ठेवलेली. मी काही म्हणायच्या आत स्वप्निल वाकला, चारही गोळा केली आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

"काकूंनी सांगितलं होतं."

पिशवी शेजारच्या सीटवर ठेवून मी निघाले. बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची काढणी चालली होती. गाडी हलकी चालत होती, ऊन मऊ होतं आणि मला बरं वाटत होतं. मूर्तिजापूरला आम्ही थांबलो होतो तिथेच चहा घेतला.

अकोल्याला घरासमोर शेजाऱ्यांची जीप आणि विजेचा खांब, यांच्यामध्ये गाडी लावायची होती. पहिल्यांदा तिरकी गेली. पुढे घेतली, पुन्हा तिरकी. तिसऱ्यांदा कशीबशी बसली. इंजिन बंद केलं. गाडीत लिंबांचा वास भरला होता.

"आई," मी मोठ्याने म्हटलं, "त्या दिवशी तू एका दमात लावली होती. लय मस्त लावली होती वं. मले नाही जमत तशी."