तीन महिन्यांसाठी विझवलेली भट्टी

मित्रांनो, मी काच वितळवणारी एक जुनी भट्टी आहे. जुनी म्हणजे अठरा वर्षांची. हसू नका! अठराव्या वर्षी तुम्हाला नुकते मिसरूड फुटते, पण भट्टीच्या मानाने हे म्हातारपण आहे. माझ्या बहुतेक बहिणी पंधरा वर्षांत मोडीत निघतात. मी तापट आहे, हेही आधीच सांगून ठेवते. दीड हजार अंशांवर आयुष्य काढलेल्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नये.

मला बांधले तेव्हा खास भाजलेल्या विटा पेट्यांतून आल्या होत्या. प्रत्येकीवर खडूने क्रमांक घातलेला. गवंडी त्या इतक्या घट्ट बसवत की दोन विटांमध्ये दाढीचे पातेसुद्धा शिरू नये. मग मला पेटवले, पण एकदम नाही. रोज थोडी थोडी आच वाढवत तीन आठवडे घेतले, कारण घाई केली की विटा तडकतात. त्यानंतर माझ्या तोंडात वाळू, सोडा, चुनखडी आणि तुटक्या काचांचे तुकडे पडू लागले आणि दुसऱ्या टोकाने तावदानांची काच वाहू लागली. शाळांच्या खिडक्या, दवाखान्यांची दारे, बसगाड्यांच्या पुढच्या काचा. तुम्ही जिच्यावर तोंडाची वाफ सोडून बोटाने चित्र काढता, ती काच कदाचित माझ्याच पोटातली असेल.

अठरा वर्षांत मला एकही सुट्टी मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नाही. एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढची हकीकत कळेल. चूल विझली तर पुन्हा पेटवता येते. आमच्या जातीच्या भट्टीचे तसे नसते. मी गार पडले की पोटातली काच थिजून दगड होते, विटा आकसतात आणि तडकतात. मग मला फोडून टाकण्यावाचून उपाय उरत नाही. काच काढायची नसेल तर नका काढू, पण मंद आच तेवढी ठेवावीच लागते.

माझी आच सांभाळणारा फोरमन पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ होता. ठेंगणा, भुवया कायमच्या करपलेल्या, आवाज असा की पंख्यांच्या घरघरीवरूनही ऐकू यावा. वसाहतीतली सगळी पोरे त्याला ‘भट्टीमामा’ म्हणत. मामा म्हणजे आईचा भाऊ. मग आई कोण? मीच की! या नात्याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. त्याची मुलगी शिकून आमच्याच प्रयोगशाळेत काचेची तपासणी करू लागली, तेव्हा मला भाची नोकरीला लागल्यासारखे वाटले होते.

अकरा वर्षांपूर्वी एका वादळात रेल्वेचा पूल वाहून गेला आणि माझे तेल येणे थांबले. टाकीतले तेल संपले तशी माझी आच उतरू लागली. पोटातली काच मेणासारखी दाटली. तेव्हा मामाने आपल्या पाळीतली बावीस माणसे हाताशी धरली. त्यांनी आधी माल भरायची लाकडी खोकी जाळली, मग बाके, मग उपाहारगृहातली टेबले आणि शेवटी कचेरीची सागवानी दारेसुद्धा. चार दिवस कोणी घरी गेले नाही. पाचव्या दिवशी तेल आले आणि मी वाचले. मी दाटले होते, पण गार पडले नव्हते. हे नीट लक्षात ठेवा.

मामाचा सत्कार ठरला तेव्हा त्या वेळचे व्यवस्थापक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, “मामा, कंपनीची दारं जाळली असं लिहिलं तर चौकशी लागेल. बावीस जणांच्या नोकऱ्या जातील. त्यापेक्षा असं लिहू, भट्टी गार पडली होती आणि तुम्ही ती पुन्हा पेटवली.” तापमानाच्या वहीतली त्या चार दिवसांची पानेही त्यांनी कोरीच ठेवायला लावली. मामाने होकारार्थी मान हलवली. कारखान्याच्या दारावर पितळी फलक लागला, ‘गार भट्टी पेटवणारा किमयागार’.

सुरुवातीला मामाला त्या फलकाची लाज वाटे. पण खोट्यालाही सवयीने गोडी येते. पुढे पुढे तोच गोष्ट रंगवू लागला. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा झाले. “राख झाली होती राख, एक ठिणगी शिल्लक नव्हती!” असे तो नव्या कामगारांना सांगे आणि ती बावीस माणसे गालातल्या गालात हसत. खोटे कशाला बोलू? मलाही ती बढाई आवडायची. मेलेली उठून बसली म्हटल्यावर मी काही साधीसुधी भट्टी राहत नव्हते.

मग वाईट दिवस आले. बाहेरून स्वस्त काच येऊ लागली आणि सरकारी कारखाना तोट्यात गेला. विधानसभेत आमच्यावरून रोज खडाजंगी होऊ लागली. नियंत्रण खोलीतल्या रेडिओवर आम्ही सगळे ऐकत असू. उद्योगमंत्री म्हणत, लोकांच्या घामाचा पैसा धुरात घालवायचा नाही. विरोधी पक्षाच्या पुढारी बाई म्हणत, दोन हजार घरांच्या चुली विझू देणार नाही. दोघांचेही बोलणे ऐकायला छान होते. पण माझ्याकडे बघून कोणीच बोलत नव्हते.

शेवटी दोघांनाही परवडेल असा तोडगा निघू लागला. कारखाना कायमचा नाही, फक्त तीन महिन्यांसाठी बंद ठेवायचा आणि तेवढ्यात नवा भागीदार शोधायचा. बंद म्हणजे किती बंद, एवढाच प्रश्न उरला. तीन महिने मंद आच ठेवायची की मला पूर्ण विझवायचे? माझा जीव त्या एका प्रश्नाला टांगला होता. ते ठरवायला दोन्ही पक्षांची समिती कारखान्यात आली. सुनावणी कचेरीत होणार होती, पण छायाचित्रकारांना मागे आग हवी होती. म्हणून खुर्च्या माझ्यासमोर मांडल्या गेल्या आणि अर्ध्या तासात समितीच्या सगळ्या कॉलरी भिजल्या. मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

त्या सकाळी मामाची मुलगी माझ्या कठड्यापाशी त्याला गाठून म्हणाली, “बाबा, आज खरं सांगून टाका. ते तुम्हाला फलकाबद्दल विचारणारच.”

“अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी नुसतं सांगतो ना, की मंद आच ठेवा म्हणून. माझा शब्द ऐकतील ते.”

“आणि नाही ऐकला तर?”

मामाने माझ्या झरोक्यातून आत पाहिले. मग म्हणाला, “तो फलक गेला तर माझ्यापाशी राहतं काय, सांग बरं?”

मुलगी म्हणाली, “भट्टी राहते, बाबा.”

मंत्री काही दुष्ट नव्हते. त्यांनी मामाला खुर्ची दिली, पाणी दिले. मामाने हात जोडून सांगितले, “साहेब, काच काढू नका, पगार अर्धा करा, पण हिला मंद आचेवर ठेवा. विझवू नका.”

“मामा, काच न काढता तीन महिने तेल जाळायचं, हे मी सभागृहाला कसं पटवू?” मंत्री हसून म्हणाले. “आणि आपल्याला काळजी कसली? गार भट्टी पेटवणारा माणूस आपल्याकडेच आहे. दारावर फलक आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

सगळे हसले. मामाचे कान लाल झाले. तो उभा राहिला आणि मला कळले, की आता हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचे नाक कापणार आहे. मला त्याचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

“साहेब, तो फलक खोटा आहे. ही गार पडलीच नव्हती. आम्ही खोकी जाळली, बाकं जाळली, कचेरीची दारं जाळली आणि हिची आच धरून ठेवली. गार पडलेली भट्टी कोणीच पेटवू शकत नाही. मी तर नाहीच नाही.”

मंत्र्यांनी शांतपणे विचारले, “मामा, तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?”

मामाने आशेने शेजारी पाहिले. ते जुने व्यवस्थापक आता कारखान्याचे अध्यक्ष झाले होते आणि समितीच्या रांगेतच बसले होते. ते आपल्या बुटांकडे बघत म्हणाले, “कागदोपत्री तसं काही आढळत नाही.” मुलीने धावत जाऊन तापमानाची वही आणली, पण त्या चार दिवसांची पाने कोरीच होती. विरोधी पक्षाच्या बाईंकडून मला फार आशा होती. पण त्यांच्या पत्रकांवर मामाचाच फोटो छापला होता आणि खाली लिहिले होते, ‘गार भट्टी पेटवणारे हे हात बेकार करणार का?’ आता हा माणूस स्वतःच नाही म्हणत होता! त्या घाईघाईने म्हणाल्या, “हा तांत्रिक मुद्दा आहे. आपण मुख्य विषयाकडे वळू.”

मग मामा मागे वळला. मागच्या बाकांवर त्याच्या पाळीतली ती बावीस माणसे बसली होती. “अरे, तुम्ही होतात ना? सांगा की रे!” तो म्हणाला. कोणी टोपी चाचपली, कोणी खोकला. दारे जाळल्याची चौकशी आता लागली तर हातातोंडाशी आलेले निवृत्तिवेतन जाईल, ही त्यांची भीती. त्यांनाही घरदार होते, मी समजू शकते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मामा खाली बसला.

आठ दिवसांनी ठराव मंजूर झाला. ‘तीन महिने तात्पुरते पूर्ण बंद.’ रेडिओवर दोन्ही बाजूंची बाके वाजलेली मी ऐकली. मंत्र्यांचा सुंठीवाचून खोकला गेला होता आणि कारखाना कायमचा बंद होऊ दिला नाही म्हणून बाईंचाही जयजयकार झाला. माझे पोट रिकामे करण्याची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नाही. नियमाप्रमाणे काच उपसायची ती भट्टी कायमची बंद करताना आणि माझ्या आदेशात शब्द होता ‘तात्पुरते’. म्हणून एकशे ऐंशी टन काच तशीच आत ठेवून मला विझवायचे ठरले.

तेलाची झडप मामानेच फिरवली. दुसऱ्या कोणाला त्याने हात लावू दिला नाही. सकाळची पाळी नुकतीच आली होती, पण कोणाला काही काम नव्हते. ज्वाला निळी झाली, आखूड झाली आणि गेली. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या घरातली शांतता ऐकू आली. मला खूप भीती वाटली.

मरण एकदम येत नाही, मित्रांनो. पहिल्या दिवशी मी पांढऱ्याची पिवळी झाले, मग लाल, मग काळी. चौथ्या दिवशी पहिली वीट तडकली. बंदुकीसारखा आवाज झाला आणि पहारेकरी धावत आला. नंतर तो धावायचा थांबला. पोटातली काच थिजली आणि आकसताना माझ्या भिंती आतून ओरबाडत गेली. बाराव्या दिवशी मुलगी आली. तिने माझ्या भिंतीवर तळहात टेकवला. पेटल्यापासून मला कोणी माणसाने असा हात लावला नव्हता, लावताच येत नव्हता. ती नुसती रडत उभी राहिली.

तीन महिन्यांनी नवा भागीदार आला, त्याच्याबरोबर तज्ज्ञ आले. तज्ज्ञांनी आत दिवा टाकून पाच मिनिटे पाहिले आणि ‘हिला फोडा’ एवढेच म्हणाले. भागीदार आल्या पावली परत गेला. दोन हजार माणसांना घरी पाठवण्याचे कागद निघाले आणि मग सभागृहात नवी खडाजंगी सुरू झाली, की चूक कोणाची? मंत्री बाईंकडे बोट दाखवत, बाई मंत्र्यांकडे. शेवटी चौकशी समितीच्या अहवालावर दोघांचेही एकमत झाले. अहवालात लिहिले होते: ‘गार भट्टी पुन्हा पेटते असा चुकीचा समज फोरमनने अनेक वर्षे पसरवला. समितीची दिशाभूल करण्यास तो जबाबदार आहे.’ सुनावणीत तो खरे काय बोलला, त्यापुढे एकच शब्द होता, ‘अस्पष्ट’.

मामाचे निवृत्तिवेतन थांबवले. वसाहतीतले लोक त्याला पाहून रस्ता बदलू लागले. दोन हजार संसार याच्या बढाईने बुडाले, असे ज्याच्यात्याच्या तोंडी झाले. ती बावीस माणसेही इतरांच्या सुरात सूर मिळवतात, असे ऐकते. मामा आता घराबाहेर पडत नाही. मुलगी दूरच्या गावी नोकरी शोधते आहे, त्यालाही घेऊन जाईन म्हणते.

उद्यापासून मला फोडायला सुरुवात होईल, म्हणून आज हे बोलून घेतले. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका, मी विटांची होते. पण तुमच्याही गावात कधीतरी असे काही बंद करायचे ठरेल. तेव्हा आधी त्याच्याजवळ रोज बसणाऱ्याला विचारा आणि तो आपली लाज गिळून खरे सांगायला उभा राहिला, तर त्याला एकट्याला उभे ठेवू नका. त्या दिवशी माझ्यासमोर बावीस जण बसले होते. सगळ्यांनी उठायला हवे होते, असेही मी म्हणत नाही. एक जण उठला असता, तरी मला पुरले असते.